ऑपरेशननंतरचं वर्ष

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आरतीनंतर आणि महाप्रसादाच्या आधी बोलायला उभं राहणं हे धाडसाचं काम आहे. स्वयंपाकघरातून वास येतो आहे, आणि त्याच्याशी स्पर्धा करण्याचा माझा विचार नाही. कार्यकर्त्यांनी मला 'शस्त्रक्रिया आणि आपण' असा विषय दिला. जन्म शस्त्रक्रियेत गेला म्हणून त्यांनी तो दिला असावा. विषय फार मोठा आहे. म्हणून मी त्यातून दोनच पेशंट निवडले आहेत. एक आजोबा, ज्यांच्या शरीरात ठिकठिकाणी धमन्या अरुंद झाल्या आहेत. आणि एक नात, जिला तोंडाने गिळता येत नाही म्हणून पोटाला नळी बसवायची आहे. वयाची ही दोन टोकं. पण दोघांच्या घरच्यांना मला एकच गोष्ट सांगायची आहे.

त्याआधी एक नमस्कार. आपण कोलकात्याची मराठी माणसं आहोत, आणि वैद्यकाबद्दल बोलताना आनंदीबाई जोशींचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1883 साली इथून जवळच, श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत ते सांगितलं, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलकात्याच्या बंदरातून त्या निघाल्या. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. पोटचं मूल का वाचलं नाही, या प्रश्नातून एक बाई सातासमुद्रापार गेली. वैद्यकातला सर्वांत जुना प्रश्न हाच आहे: उपचार केले, पण माणसाचं पुढे काय झालं?

आपण मात्र हा प्रश्न फार लवकर विचारतो आणि फार लवकर सोडून देतो. ऑपरेशन थिएटरचं दार उघडतं, डॉक्टर बाहेर येतात, घरचे धावतात. "डाक्तारबाबू, ऑपरेशन कसं झालं?" "छान झालं." सगळे सुटकेचा श्वास टाकतात, नातेवाइकांना फोन जातात, पेढे येतात. हा आनंद खराच आहे. पण 'ऑपरेशन छान झालं' हे वाक्य डॉक्टरच्या त्या दोन-तीन तासांच्या कामाबद्दल आहे. वर्षानंतर पेशंट कसा आहे, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

ही तक्रार जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बोस्टन शहरात अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन होता. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवा, वर्षाने त्याला पुन्हा बोलवा, आणि उपचाराचा उपयोग झाला की नाही ते लिहा. झाला नसेल तर का नाही, तेही लिहा. सहकारी इतके चिडले की त्याला मोठं रुग्णालय सोडावं लागलं. आपल्या छोट्या खाजगी रुग्णालयातल्या चुका मात्र त्याने स्वतः छापून प्रसिद्ध केल्या.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. 1971 साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते लोकांना पाजायला सांगितलं. पाजणारे बहुधा पेशंटचे नातेवाईकच होते. जिथे 100 पैकी 30 च्या आसपास माणसं दगावत होती, तिथे हे प्रमाण 4 च्या खाली आलं. हे जगाला पटलं, कारण त्यांनी मोजलं होतं. महालनबीस 2022 साली गेले, आणि 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. तोपर्यंत त्या मीठ-साखरेच्या पाण्याने जगभरात असंख्य मुलं वाचवली होती.

तर मोजायचं कसं आणि काय, ते आता आपल्या दोन पेशंटांकडे जाऊन पाहू.

आजोबांचे पाय

आजोबा हाजरा मोडवरून कालीघाटकडे चालत निघतात. पाच मिनिटांत पोटरीत गोळा येतो. थांबतात, एखाद्या दुकानाची पाटी वाचल्यासारखं करतात. दोन-तीन मिनिटांत दुखणं जातं, पुन्हा चालतात, पुन्हा तेवढ्याच अंतरावर दुखतं. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारचे दादा म्हणतात, वात आहे. चालल्यावर दुखणं आणि उभं राहिल्यावर जाणं, हे ठरावीक अंतराला होत असेल तर ते बहुधा वाताचं नसतं. पायाची धमनी अरुंद झाली आहे आणि चालणाऱ्या स्नायूला पुरेसं रक्त पोहोचत नाही, असं ते लक्षण आहे.

आता महत्त्वाचं. धमन्या म्हणजे घरातले सुटे सुटे पाइप नव्हेत. एकाच झाडाच्या त्या फांद्या आहेत. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी पायाची फांदी खराब केली, तर हृदयाच्या आणि मेंदूच्या फांद्यांना त्यांनी सोडलेलं असेलच असं नाही. 2003-04 मध्ये 44 देशांतल्या 68,000 पेशंटांची 'रीच' नावाची एक मोठी नोंदवही सुरू झाली. ज्यांना हृदय, मेंदू किंवा पाय यांपैकी कुठला तरी धमनीचा आजार होता, त्यांच्यात दर सहा जणांमागे एकाला तो एकाहून जास्त ठिकाणी होता.

या पेशंटांचं वर्षाने काय झालं? हृदय-धमन्यांच्या आजाराने मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा अशाच कारणाने पुन्हा भरती, यांतलं काहीतरी वर्षभरात किती जणांच्या वाट्याला आलं? ज्यांना फक्त धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या, त्यांच्यात 100 पैकी साधारण 5 जणांच्या. एका ठिकाणी आजार असलेल्यांत साधारण 13 जणांच्या. दोन ठिकाणी असलेल्यांत 21, आणि तिन्ही ठिकाणी असलेल्यांत 26 जणांच्या. म्हणजे तिन्ही ठिकाणी आजार असलेल्या चार जणांपैकी एकाला वर्ष सुखाचं गेलं नाही. हे सगळे उपचार चालू असलेले लोक होते, बरं का.

पायाच्या आजाराबद्दल घरच्यांच्या मनात एकच भीती असते: पाय कापावा लागेल का? पाच वर्षांचा हिशेब असा आहे. चालल्यावर पोटरी दुखणाऱ्या 100 जणांपैकी 70 ते 80 जणांचं दुखणं पाच वर्षांनी होतं तेवढंच राहतं. पाय खरोखर धोक्यात येतो तो एखाद-दुसऱ्याचाच. पण त्याच पाच वर्षांत सुमारे 20 जणांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन ते वाचतात, आणि 15 ते 30 जण दगावतात, बहुतेक हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांमुळे. भीती पायाची वाटते आणि घाव बसतो दुसरीकडे. म्हणून पायाची अँजिओप्लास्टी किंवा बायपास 'छान झाली' म्हणून घरी आलेल्या आजोबांचं खरं काम तिथून सुरू होतं. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर नियंत्रण, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आणि बिडी-सिगारेट, जर्दा, खैनी कायमची बंद. पायाचं दुखणं थांबलं म्हणून गोळ्याही थांबवणारे पेशंट मी किती पाहिले, त्याची गणती नाही.

इथे आपल्या लोकांसाठी एक जास्तीची सूचना. 52 देशांत हार्ट अटॅकच्या पेशंटांचा 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास झाला. त्यातल्या दक्षिण आशियाई पेशंटांवरचा निबंध 2007 साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. त्यात दिसलं असं की आपल्याकडे पहिल्या हार्ट अटॅकचं मधलं वय 53 आहे आणि इतर देशांत जवळजवळ 59. आपण सहा वर्षं आधी रांगेत उभे आहोत. पण आपलं रक्तच वाईट, असं त्याचं कारण निघालं नाही. तंबाखू, मधुमेह, पोटाचा घेर, कोलेस्टेरॉल हे सगळे नेहमीचेच शत्रू आपल्याकडे तरुणपणीच घरात शिरतात, एवढंच. म्हणून इथल्या सवयीने छातीतल्या दुखण्याला 'अंबल झालंय' म्हणून पुदिन्याची गोळी चघळत बसू नका. पन्नाशीच्या माणसाने तर नाहीच.

पायाची तपासणी सोपी आहे. घोट्याचं ब्लडप्रेशर एका छोट्या यंत्राने मोजायचं आणि दंडाच्या ब्लडप्रेशरने भागायचं. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं समजायचं. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होतात आणि हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, तेव्हा डॉक्टर दुसऱ्या तपासण्या करतात.

आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चालणं. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं जाऊ द्या, पुन्हा चाला. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने नेमाने केलं तर न दुखता चालण्याचं अंतर खरोखर वाढतं. अर्थात हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विवेकानंद पार्क आहे, रवींद्र सरोवर आहे, आणि पावसाळ्यात घराचा व्हरांडा आहे. फक्त साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नका. मधुमेहात पाय बधिर असतो, काच रुतलेली कळत नाही, आणि रक्त कमी असलेल्या पायाची छोटी जखम मोठी व्हायला आठवडा पुरतो. रोज रात्री तळपाय पाहायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला पाहायला सांगायचं.

नवीन औषधांचंही एक उदाहरण देतो, कारण हिशेब कसा मागायचा ते त्यातून कळतं. 2017 साली 'कंपास' नावाच्या चाचणीचा निकाल आला. 27,000 पेशंट होते. ॲस्पिरिनच्या जोडीला रिव्हारोक्सॅबॅन नावाचं रक्त पातळ करणारं औषध अगदी कमी मात्रेत दिलं. साधारण दोन वर्षांत हृदय-धमन्यांच्या आजाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होणाऱ्यांचं प्रमाण 100 पैकी 5.4 वरून 4.1 वर आलं. पण मोठा रक्तस्राव होणाऱ्यांचं प्रमाण 1.9 वरून 3.1 वर गेलं. म्हणजे फायदा आहे आणि किंमतही आहे. ज्याला आजार जास्त ठिकाणी आहे आणि रक्तस्रावाची भीती कमी आहे, त्याला फायदा जास्त. ज्याला अल्सर आहे त्याचा हिशेब वेगळा. डॉक्टरांना दोन्ही आकडे विचारा. एकच आकडा सांगणारा माणूस औषध विकत असतो.

नातीचं जेवण

आता दुसरा पेशंट. याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर बोलतो.

काही मुलांना जन्मापासून किंवा जन्माच्या वेळच्या इजेमुळे सेरेब्रल पाल्सी असते. हातापायांच्या स्नायूंवर ताबा नसतो हे आपल्याला दिसतं. पण गिळणं हेही स्नायूंचंच काम आहे, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. अशा मुलाला वाटीभर पेज भरवायला तास-दीड तास लागतो. दिवसातून चार वेळा. ठसका लागतो, अन्न श्वासनळीत जातं, वर्षातून तीनदा न्यूमोनिया होतो. वजन वाढत नाही. आणि येणारा-जाणारा आईला विचारतो, "काही खायला देत नाहीस का?" ती आई काय देते आणि किती देते, हे तिच्या दुखणाऱ्या मानेला विचारा.

अशा वेळी डॉक्टर सुचवतात गॅस्ट्रोस्टॉमी. पोटाच्या भिंतीतून थेट जठरात एक छोटी नळी बसवतात आणि तीतून अन्न, पाणी, औषध देतात. नाकातून घातलेली नळी काही आठवडे चालते. ती सारखी निघते, नाक-घसा खराब करते, म्हणून लांबच्या मुक्कामाला पोटाची नळी बरी. पूर्वी यासाठी पोट उघडावं लागे. 1979 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या दोघांनी दुर्बिणीच्या मदतीने, पोट न उघडता नळी बसवण्याची पद्धत काढली. त्यांचा पहिला पेशंट साडेचार महिन्यांचं बाळ होतं. आज जगभर मोठ्या माणसांतही ही पद्धत वापरतात, पण तिचा जन्म लहान मुलासाठी झाला.

ऑपरेशन छोटं आहे. निर्णय मात्र फार मोठा असतो, आणि तो आईला जड जातो. आपल्याकडे उष्टावण आणि इथे मुखेभात, दोन्हीकडे बाळाच्या तोंडी पहिला घास घालण्याचा सोहळा असतो. मुलाला भरवणं म्हणजेच आईपण, असं आपण तिला शिकवलेलं असतं. मग नळी म्हणजे आपली हार, असं तिला वाटतं. सासरची मंडळी म्हणतात, "अजून थोडं थांबून पाहू." या थांबण्यात दोन-दोन वर्षं जातात, आणि मूल ऑपरेशनला येतं तेव्हा हाडांचा सापळा झालेलं असतं. अशक्त मुलाला भूल देणं आणि जखम भरणं, दोन्ही अवघड होतं.

वर्षाने काय होतं, तेही मोजलेलं आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. पीटर सलिव्हन यांच्या गटाने सेरेब्रल पाल्सी असलेल्या 57 मुलांचा नळी बसवल्यानंतर पाठपुरावा केला आणि 2005 साली निष्कर्ष छापले. वर्षभरात मुलांचं वजन स्पष्टपणे वाढलं. जवळजवळ सगळ्या पालकांनी सांगितलं की मुलाची तब्येत सुधारली आणि भरवण्यात जाणारा वेळ बराच कमी झाला. याच गटाने सांभाळणाऱ्यांचंही मोजमाप केलं होतं, त्यात आई-वडिलांचं मन, उत्साह आणि चारचौघांत मिसळणं वर्षाने सुधारलेलं दिसलं. मला हे मोजमाप फार आवडतं. पेशंटच्या कागदावर आईची झोप कोणी लिहीत नाही, पण घराचा तो अर्धा निकाल असतो.

दुसरी बाजूही सांगतो. नळी सेरेब्रल पाल्सी बरी करत नाही. नळीभोवती लाल मांस वाढतं, पाणी झिरपतं, कधी जंतुसंसर्ग होतो. काही मुलांना जठरातलं अन्न वर येण्याचा त्रास वाढतो आणि त्यासाठी वेगळा उपचार लागतो. नळी अचानक निघाली तर छिद्र काही तासांत बुजायला लागतं. म्हणून नळी निघाली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. ऑपरेशनला पहिले काही आठवडेच झाले असतील तर घरी ती परत घालायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. घरी येण्याआधी आईला आणि घरातल्या आणखी एकाला नळी कशी धुवायची, प्रत्येक वेळी अन्नानंतर पाणी कसं सोडायचं, मूल किती तिरकं बसवायचं, हे हाताने करून दाखवायला सांगा. घरचं पातळ गाळलेलं अन्न, नाचणीचं सत्त्व, डाळीचं पाणी देता येईल का, हे आहारतज्ज्ञाला विचारा, कारण जाड अन्नाने नळी तुंबते आणि नुसत्या पाण्याने पोषण होत नाही.

आणि नळी बसली म्हणून तोंड बंद झालं असं नाही. गिळण्याची तपासणी करून डॉक्टरांनी परवानगी दिली तर चवीपुरतं तोंडाने देता येतं. पोट नळीने भरतं, त्यामुळे घाई उरत नाही. मग उकडीच्या मोदकातलं सारण बोटाने ओठाला लावणं हा आई आणि मूल दोघांचा आनंद असतो, परीक्षा नसते.

अशा घरांना एकटं वाटतं, पण ते एकटे नाहीत. मुंबईत 1972 साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात केली, आणि 1974 साली इथे कोलकात्यात सुधा कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसंच काम उभं केलं. तारातला भागातली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी ती हीच. मुलाला कसं बसवायचं, कसं भरवायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, हे शिकवणारी माणसं आपल्याच शहरात आहेत.

पाच प्रश्न

आजोबा असोत की नात, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी पाच प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर आपण विसरतो.

पहिला, हे ऑपरेशन केलं तर वर्षाने माझा माणूस काय करू शकेल, जे आज करू शकत नाही? दुसरा, केलं नाही तर वर्षाने काय होईल? तिसरा, अशा 100 पेशंटांपैकी किती जणांना फायदा होतो आणि किती जणांना त्रास? चौथा, ऑपरेशननंतर घरी आम्ही रोज काय करायचं, आणि ते आम्हाला कोण शिकवेल? पाचवा, कुठलं लक्षण दिसलं तर रात्री-अपरात्री धावत यायचं?

या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. त्याला बरं वाटतं, कारण घरचे पुढच्या वर्षाची तयारी करत आहेत हे त्याला कळतं.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण वर्गणीची वही ठेवतो, प्रसादाची यादी ठेवतो. तशी एक तिसरी वही ठेवू या. आपल्या कुटुंबांपैकी ज्यांचं मोठं ऑपरेशन झालं असेल, त्यांच्या संमतीने त्यांचं नाव लिहायचं, आणि एका कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा फोन करायचा. गोळ्या चालू आहेत ना? चालायला जाता ना? बाळाचं वजन केलं का? आईला दोन तास बाहेर पडायचं असेल तर कोणी येऊन बसू का? याला पैसा लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. पहिल्या महिन्यात पेशंटभोवती गर्दी असते, सहाव्या महिन्यात कोणी नसतं. आजार नेमका तेव्हा परततो.

उद्या-परवा विसर्जनाला आपण सगळे ओरडू, 'पुढच्या वर्षी लवकर या'. बाप्पा येणारच. पुढच्या वर्षी आरतीला आजोबा स्वतःच्या पायांनी चालत यावेत आणि नात दोन किलोने जड होऊन आईच्या कडेवर यावी, यासाठी मधलं वर्ष आपल्याला सांभाळायचं आहे.

महाप्रसादाला उशीर केल्याबद्दल क्षमा असावी. जेवताना मीठ जरा बेतानं घ्या. गणपती बाप्पा मोरया!